बांगड्यांना रकाना नसतो

“कवटी?”

“मागं फुटलीय. एकच घाव. माझ्या तळव्याएवढा.”

“मान?”

“इन्टॅक्ट.”

“फासळ्या?”

“इन्टॅक्ट.”

“हात-पाय?”

इथे बाबा थांबला. मी बाहेर जांभळाखालच्या कट्ट्यावर इंग्रजीची वही मांडीवर घेऊन बसले होते. माझंही पेन थांबलं, कारण ‘हात-पाय’ला बाबा कधी थांबत नाही.

माझा बाबा भगीरथ, सातवी पास, सरकारी दवाखान्यात कंत्राटी कामगार. कागदावर त्याचं काम सफाईचं, खरं काम पीएम रूममध्ये मड्यांना चिरायचं. कुठल्या दवाखान्यात ते लिहीत नाही, बाबा नको म्हणाला. एवढंच सांगते की एका अंगाला शहापूरचा हायवे आहे, दुसऱ्या अंगाला मुरबाडहून घाटाकडे जाणारा रस्ता, आणि दोन्हीकडून माणसं आमच्याकडे चादरीखाली येतात.

पद्धत अशी, की डॉक्टर नाकाला रुमाल लावून दारात उभे राहणार, फॉर्मवरचा रकाना वाचणार, आणि बाबा आतून बघून उत्तर देणार. डॉक्टर वाईट नव्हते. सकाळपासून दोनशे पेशंट तपासलेला एकटा माणूस होता तो, आणि चौदा वर्षांत बाबाचं एकही उत्तर चुकलेलं नव्हतं. त्यामुळे डॉक्टरांनी आत येणं कधी सोडलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. फ्रॅक्चर, लिव्हर, व्हिसेरा असे पुष्कळ शब्द बाबाला येतात, पण आवडीचा एकच, इन्टॅक्ट. तो म्हणतो, त्या खोलीत चांगला असा तेवढाच शब्द हाय. कायतरी शाबूत राह्यलंय, असं सांगणारा.

शनिवारी माझी शहापूरची शाळा सकाळची असते. शाळा सुटली की मी दवाखान्यात येते आणि बाबाचं काम आटपेपर्यंत अभ्यास करते. नववीपर्यंत मी मैत्रिणींना बाबा लॅबमध्ये आहे असं सांगायचे. दहावीत मात्र गॅदरिंगला माइक हातात आला आणि माझी जीभ जी सुटली ती सुटलीच. भाविकानं सगळ्या वर्गासमोर विचारलं, तुझे पप्पा मुडदे फाडतात ना गो? मी म्हटलं, हो, आणि तुझे पप्पा रिक्षात बसवून जिवंत माणसं फाडतात. तेव्हापासून आम्ही दोघी एका बाकावर बसतो.

त्या आठवड्यात मॅडमनी गृहपाठ दिला होता. इंग्रजीतलं एक विशेषण निवडा आणि ते कुठेकुठे वापरतात अशी दहा वाक्यं लिहा. अर्ध्या वर्गानं ‘ब्यूटिफुल’ घेतलं. मी इन्टॅक्ट घेतला. शब्दकोशात त्याला अखंड, अभंग, न मोडलेला असे पाच-सहा अर्थ होते, सगळ्यात शेवटी ‘ज्याला कुणी स्पर्श केला नाही असा’. नऊ वाक्यं माझी लिहून झाली होती. बोर्डाच्या पेपरच्या पाकिटाचं सील, कुरियरनं आलेली बरणी, पणजीचे दात, पुरातून वाचलेला पूल. माहुलीच्या किल्ल्याबद्दल मी ‘नॉट इन्टॅक्ट’ असं लिहिलं होतं. दहावं वाक्य काही सुचत नव्हतं.

“भगीरथ, हात-पाय?” डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

आत जी होती तिचं नाव रविना. सव्वीस वर्षांची. टोकावड्याच्या पलीकडे एका पाड्यावर तिचं सासर. नवरा धनेश समोरच्या शेडमध्ये दोन मित्रांच्या खांद्यावर मान टाकून रडत होता. त्यानं पोलिसांना सांगितलं होतं, की बायको कवळ तोडायला ऐनावर चढली आणि पाय सटकून दगडावर पडली.

आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतात. तो राब. त्यासाठी थंडीत ऐनाच्या डहाळ्या तोडून वाळत टाकतात, ती कवळ. दरवर्षी कवळ तोडताना कुणीतरी झाडावरून पडतंच. मागल्या वर्षी आमचा धाऊकाका पडला. त्यामुळे कुणाला शंका येण्याचं कारण नव्हतं. हवालदार घाटावरचे, नवीन बदली होऊन आलेले. डॉक्टर शहरातले. झाडावरून पडली म्हटल्यावर दोघांनी झाडावरून पडली असं लिहून घेतलं.

माझ्या शेजारी भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती. ही हिरीआजी, रविनाची आई. ती रडत नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच गोष्ट सांगत होती. कुणी थांबत नव्हतं, म्हणून मग तिनं ती मला सांगितली.

“माझी पोर झाडाव चढत नव्हती गो. बायका खाली मोळ्या बांधतात. झाडाव पुरुष जातो.”

मी म्हटलं, “आमच्याकडं पण तसंच हाय आजी.”

मग ती लेकीबद्दल बोलत राहिली. नवरा मारायचा. दोनदा ती माहेरी निघून आली होती आणि दोनदा पंचांनी समजूत घालून परत पाठवली होती. तीन आठवड्यांपूर्वी म्हशाच्या जत्रेत मायलेकी भेटल्या, तेव्हा आजीनं तिला हिरव्या बांगड्या भरल्या. कासार डझन घे म्हणाला. आजी म्हणाली, एक वर घाल, माझ्या पोरीला कमी नको पडायला.

आतून बाबाचा आवाज आला. “साहेब, बांगड्या लिवा.”

“काय?”

“डाव्या हातात सहा, उजव्यात सात. सगळ्या काचेच्या. सगळ्या इन्टॅक्ट.”

“भगीरथ, बांगड्यांना रकाना नसतो. हवालदारांच्या पंचनाम्यात येतील त्या. तू हात-पाय सांग.”

“त्येच सांगतोय. हाताचे तळवे साफ. पायाचे तळवे साफ. मांड्यांना आतून एक ओरखडा नाय. साहेब, ऐनाची साल सुसरीच्या पाठीवानी असते. आमच्या भावाला उतरवला तवा पोटाची कातडी सोललेली होती. अन् ही वीस फुटावरनं दगडाव आली आन बांगडी नाय फुटली?”

हवालदार म्हणाले, काही बांगड्या फुटून पडल्या असतील जागेवर, मोजून कोण आलंय.

सहा आणि सात. मी आजीकडे बघितलं. तिला आतलं ऐकू गेलं नव्हतं. मी वही कट्ट्यावर ठेवली आणि उठले. पुढे जे झालं ते सगळं मी उठल्यामुळे झालं, असं मला बरेच दिवस वाटत होतं. बाबा म्हणतो तसं नाही. पण उठले खरी. सरळ दारात गेले आणि डॉक्टरांना म्हटलं, “तेराच होत्या. तिच्या आईनं म्हशाच्या जत्रेत भरल्यात. ही काय, बाहेरच बसलीय. विचारा तिला.”

डॉक्टरांनी विचारलं, तू कोण. मी म्हटलं, भगीरथची भूमिका. भूमिका हे माझं नाव. त्यांना हसू आलं असावं, कारण रुमालाच्या वर डोळे बारीक झाले. मग त्यांनी रुमाल काढून खिशात घातला आणि ते आत गेले.

ते बराच वेळ आत होते. खिडकीतून मला फक्त आवाज येत होते. भिंग दे. हा हात उचल. अजून उजेड कर. कुऱ्हाडीची मागची बाजू असेल का रे? बाबा म्हणाला, बसलेली असंल साहेब, मागनं मारलंय, तिला हात उचलायला पण टाइम नाय भेटला. मग डॉक्टर लिहीत होते. रकाना नव्हता म्हणून समासात, आडवं. बांगड्या बाबानं सगळ्यात शेवटी काढल्या, साबणाचं पाणी लावून, एकेक. हवालदारांनी हिरीआजीला बोलावून त्या ओळखायला लावल्या आणि पुडीत बांधून वर लाखेचं सील मारलं. पुडी बांधून होईपर्यंत शेडमधलं रडणं थांबलेलं होतं. धनेश माझ्याकडे बघत होता.

त्याची चूक मला तेव्हाच कळली. त्यानं शहरातल्या डॉक्टरला आणि घाटावरच्या हवालदाराला फसवायचा बेत केला होता, आणि तो जमलाही होता. चिरणारा माणूस आपल्यातलाच, स्वतः कवळ तोडणारा, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. चिरणाऱ्याला माणसांत धरायची आमच्याकडे कुणाला सवय नाही. आमच्या घरचं पाणीसुद्धा काहीजण घेत नाहीत.

हवालदारांनी बाबाचा जबाब घेतला आणि अहवाल वर पाठवला. धनेशला लगेच धरलं नाही, चौकशी चालू आहे म्हणाले. रविवारी त्याचा निरोप आला. दुकानावर दूध आणायला गेलेल्या आईला कुणीतरी म्हणालं, भगीरथला सांग, जबाब बदल, बांगड्या मोजताना चुकलो म्हण. मड्यांच्या वतीनं बोलणाऱ्याचं मडं व्हायला वेळ लागत नाय.

आईनं ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं आणि भाकऱ्या थापायला बसली. चार भाकऱ्या झाल्यावर म्हणाली, पोर रोज एकटी शहापूरला जाते. बाबा म्हणाला, मी सोडीन, मी आणीन. आई म्हणाली, कंत्राट मार्चात संपतंय, भांडणाऱ्या माणसाला कोण ठेवतं? बाबा म्हणाला, बरोबर हाय तुजं. एवढंच. पण जबाब बदलतो असं काही त्याच्या तोंडातून निघेना. जेवून झाल्यावर ताटात हात धुताना तो हळूच म्हणाला, “हौसा, तिला कुनीच इचारलं नव्हतं. दोनदा ती उठून आली, तवा पन नाय. आता इचारलं आन तिनं सांगितलं, तर मी चुकलं कसं बोलू?”

मंगळवारी शाळा अर्धीच होती, दुपारी बाबा मला घेऊन घरी येत होता. आमची जुनी मोटरसायकल, मागे मी, दोघांच्या मधे दप्तर. दुतर्फा भाताची कापलेली शेतं, कुणीही नाही, टळटळीत ऊन. ओढ्यावरच्या मोरीपाशी एक टेम्पो रस्त्याला आडवा लावलेला होता. बाबानं गाडी वळवायला घेतली तोवर मागच्या चाकावर लाथ बसली आणि आम्ही दोघं खडीवर गेलो.

धनेश आणि त्याचे तेच दोन मित्र. एकानं माझी वेणी मनगटाला गुंडाळून घेतली आणि मला टेम्पोच्या पत्र्याला दाबून धरलं. दुसऱ्यानं बाबाच्या पाठीवर गुडघा ठेवला. आधी नुसत्या लाथा. बरगड्यांत, कंबरेत, तोंडावर. बाबा ओरडत नव्हता, प्रत्येक लाथेला त्याच्या तोंडातून हवा बाहेर पडत होती, बस्. मी मात्र ओरडत होते. मला येत होत्या तेवढ्या शिव्या मी दिल्या आणि मला बऱ्याच येतात.

मग धनेशनं टेम्पोतून टायरचा पाना काढला. बाबाचा उजवा हात मोरीच्या कठड्यावर ठेवला, बोटं पसरून, कुणी मेंदी काढायला ठेवतं तशी.

“ह्याच हातानं मोजल्यास ना?”

पहिला पाना अंगठ्याशेजारच्या बोटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मोठा नसतो. वाळकी काटकी मोडते तेवढाच. दुसरा. तिसरा. कठड्यावर रक्त उडालं आणि तिथल्या तिथे उन्हात काळं पडायला लागलं. मी मान वळवून माझ्या तोंडाशी आलेल्या मनगटाला चावले. सोडलं नाही. त्यानं माझ्या कानाखाली मारलं, कानात शिट्टी वाजली, तरी सोडलं नाही. तोंडात खारट झालं.

धनेशला दम लागला होता. तो वाकला आणि डॉक्टरांसारखा आवाज काढून म्हणाला, “बोल रे कापणाऱ्या. आता काय इन्टॅक्ट हाय? हात?”

बाबानं डोळे उघडले. एक सुजून मिटायला आला होता. त्यानं आपल्या हाताकडे बघितलं, आणि खिडकीतून मी वर्षभर ऐकलेल्या त्याच सपाट, कामाच्या आवाजात बोलायला लागला.

“उजवा हात. तीन बोटं मोडलीत. मधल्याचं हाड कातडीच्या भायेर आलंय. करंगळी इन्टॅक्ट. अंगठा इन्टॅक्ट. डावा हात इन्टॅक्ट. डाव्या अंगाच्या दोन फासळ्या गेल्यात, श्वासाला लागतात. कवटी इन्टॅक्ट.” त्यानं तोंडातलं रक्त थुंकलं. “जीभ इन्टॅक्ट.”

ओढ्यात एक टिटवी ओरडत होती तेवढीच. ज्याचा गुडघा बाबाच्या पाठीवर होता तो पोरगा उठून उभा राहिला आणि मागे सरकला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मेलेलं माणूस स्वतःचा रिपोर्ट सांगतंय असं त्याला वाटलं असणार, मलाही क्षणभर तसंच वाटलं. “चल धनेश,” तो म्हणाला, “हा माणूस बरोबर नाय.” धनेशनं पाना उगारला होता. तो तसाच थोडा वेळ हवेत राहिला, मग खाली आला. मग टेम्पो सुरू झाला.

मी बाबाच्या हाताला ओढणी गुंडाळली. तो म्हणाला, घट नको बांधू, सूज चढंल. मग म्हणाला, तुजा कान दाखव. कानामागे अंगठा फिरवून म्हणाला, फुटला नाय. तिथपर्यंत मी रडले नव्हते.

रस्त्यावरून येणाऱ्या एका भाजीवाल्या पिकअपनं आम्हाला दवाखान्यात आणलं. डॉक्टर ओपीडी सोडून पळत आले. पलंगावरच्या बाबाला त्यांनी स्वतःच्या हातानं धुतलं, स्वतः टाके घातले, आणि यावेळी एकही गोष्ट विचारली नाही, सगळी बघितली. संध्याकाळच्या आत पोलिसांनी तिघांना उचललं. वेणी धरणारा म्हणत होता, मी तिथे नव्हतोच. हवालदारांनी त्याचं मनगट उलटं केलं. माझ्या वरच्या दातात एक वाकडा आहे, आईला लहानपणापासून त्याची काळजी. त्या दातानं काम केलं. गुडघा ठेवणाऱ्यानं सगळंच सांगितलं, कुऱ्हाड कुठे पुरली तेसुद्धा.

शाळेत मी आठवड्यानं गेले. मॅडमनी वही बघितली, नऊ वाक्यं मोजली, आणि दहावं विचारलं नाही. भाविकानं माझ्या कानाकडे बघून विचारलं, दुखतं का गो? मी म्हटलं, तू बोललीस की दुखतं. तिला हायसं वाटलं.

बाबाची बोटं जुळली, पण वाकत नाहीत. तीन काठ्यांसारखी सरळ राहतात. मार्चात कंत्राट संपलं तेव्हा कागदावर ‘कामास योग्य नाही’ असं आलं. डॉक्टरांनी वरच्या साहेबांकडे दोनदा जाऊन बघितलं, उपयोग झाला नाही. बाबाच्या जागी सूरज म्हणून एक जण आलाय. बाबा एकदा त्याला काम समजवायला गेला होता. परत आल्यावर आईला म्हणाला, डॉक्टर आता दारात नाय थांबत, टेबलाजवळ येतात. तेवढं सांगून गाईला पाणी दाखवायला गेला.

त्याच मार्चात, दहावीच्या पहिल्या पेपरच्या सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले, तर अंगणात हिरीआजी. तिच्या गावाहून पहिली एसटी धरून आली होती. पदरात तांदूळ बांधून आणला होता, यंदाच्या भाताचा. मला कुंकू लावायचं, वर अक्षता लावायच्या आणि मग पेपरला पाठवायचं असं ठरवूनच आलेली. आईनं चहा ठेवला. आजीनं सूप मागून घेतलं, तांदूळ त्यात ओतला आणि कणी वेचायला बसली. अक्षतेला मोडका दाणा चालत नाही.

“रविनाच्या लग्नाला पन मीच निवडल्यावत्या,” ती म्हणाली. “दोन पायली. एक कनी नव्हती राह्यली.”

बाबा येऊन तिच्या शेजारी बसला आणि सुपात हात घातला. उजवा. अंगठा आणि करंगळी त्यानं जवळ आणली, पण मधली तीन बोटं आडवी आली आणि दाणा निसटला. त्यानं पुन्हा धरला. पुन्हा निसटला. आजी आपल्या बाजूचे दाणे बघत होती. तिनं मान वर केली नाही. नुसतं सूप उचललं आणि त्याच्या डाव्या बाजूला ठेवलं.